तिकडे सगळेच असं म्हणतात

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. आईला तर नाहीच. ती गेली तेव्हाही तिची समजूत अशीच होती, की आपल्या मुलीने टीव्हीवर आपल्या बंदरातल्या गरीब माणसांसाठी काहीतरी चांगलं केलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू दे. आता नीट ओळखाल.

खरं म्हणजे एका वाक्यात मावेल एवढीच गोष्ट आहे. पण ते वाक्य लिहायला बसलं की मला घरातली सगळी कामं आठवतात. आज सकाळपासून दोनदा चहा करून झाला. घरात मीठ असताना मीठ आणायला मारुती मंदिरापर्यंत जाऊन आले. त्यामुळे मी जरा लांबून येते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मी सरकारी टीव्हीवर नोकरी केली. मुंबईत, शेती आणि ग्रामविकासाच्या कार्यक्रमांच्या विभागात. जे कार्यक्रम लागले की घरातली माणसं पानं घ्यायला उठतात, ते मी करायचे. भातावरचा करपा, शेळीपालन, आंब्याचा मोहोर. मला त्याची लाज नव्हती, पण अभिमानही नव्हता. कोणी विचारलं, तुमचा एखादा कार्यक्रम बघायचाय, तर मी विषय बदलायची. आणि मग कधीतरी वरून ठरलं, की कोकणातल्या मासेमारीचं भविष्य या विषयावर मालिका करायची. मी रत्नागिरीची, म्हणून ती माझ्याकडे आली. तुम्हाला तिकडचं सगळं माहीत असेल, असं साहेब म्हणाले. होतंच माहीत. तीच तर गोष्ट आहे.

अधिकारी बोलले. प्राध्यापक बोलले. शीतगृहाचे एक मालक तर इतके बोलले, की कॅमेरामन बॅटरी संपल्याचं खोटं सांगून मोकळा झाला. सगळ्यांना भविष्याबद्दल बरंच काही म्हणायचं होतं. नव्हता बोलत तो फक्त होडी घेऊन समुद्रात जाणारा माणूस. बंदी असताना दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटी कोणाच्या, हे बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रात्रभर समुद्रावर लग्नाचा मांडव घातल्यासारखा उजेड — कोणापासून लपणार? पण मी बोटींचा विषय काढला, की समोरच्याला एकदम जाळं धुवायची आठवण व्हायची. मला त्यांचा राग यायचा. आपल्या पोटावर येतंय आणि तोंडात मूग गिळून बसलेत, असं मी युनिटमधल्या लोकांना म्हणायची. हो, मीच म्हणायची.

शेवटी उस्मानचाचा तयार झाले. एक लहान होडी आणि एक जाळं, एवढाच त्यांचा धंदा. माझे वडील शाळेत मास्तर होते आणि चाचांच्या वडिलांकडून मासे घ्यायचे, ती ओळख. चाचा माझ्यासाठी बोलले नाहीत, मास्तरांच्या मुलीसाठी बोलले. त्यांची अट साधी होती. "तोंड दाखवू नको, नाव घेऊ नको. मंग इचार काय ता." मी म्हटलं, चाचा, काळजी करू नका, कोणाला कळणार नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलंही नाही.

त्यांच्या घराच्या मागे जांभ्याच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, आम्ही बसलो. भर दुपार होती. कॅमेरा पाठीमागे, चाचांचं तोंड माडांकडे, मांडीवर जाळं. बराच वेळ ते काही खास बोललेच नाहीत. डिझेल महाग, बर्फ महाग, मासा कमी. मी मनातून हिरमुसले होते. आणि मग मी काही न विचारताच ते म्हणाले, "माझ्या बापाला पानी हसताना दिसायचा. आता त्यांच्या बत्त्यांनी सगला दर्या पांढरा. धा वर्सा झाली, बाय, पानी काय हसला नाय."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. चंद्र नसलेल्या दिवसांत बांगड्यांचा थवा पाण्याखालून वळला, की पाणी तेवढ्यापुरतं फिक्कट उजळतं. जुनी माणसं तो उजेड बघून जाळं टाकायची. बंदरात त्याला कोणी पाणी पेटलं म्हणतात, कोणी उजळलं म्हणतात. हसलं म्हणणारं घर एकच. चाचांचे वडील होडीच्या टोकावर उभे राहून ओरडायचे, पानी हसला! आणि बाकीच्या होड्यांवरचे लोक त्यांची नक्कल करायचे. त्यांच्या होडीला 'हसण्यांची होडी' असंच नाव पडलं होतं. माझे वडील पिशवी आईच्या हातात देताना म्हणायचे, हसण्यांकडचे बांगडे आहेत हो, ताजे आहेत. तेव्हा मी पहिलीत असेन. म्हणजे मला केव्हापासून माहीत होतं, ते बघा.

गंमत अशी, की चाचांना स्वतःला ते माहीत नव्हतं. माणसाला आपलं बोलणं काही वेगळं वाटत नाही. जन्मापासून घरात तोच शब्द, मग जगातही तोच असणार, असं त्याला वाटतं. त्यांना वाटलं, तोंड नाही, नाव नाही, आवाज यंत्राने बदलणार — झालं. ओळखू येण्यासारखं काही उरलं नाही.

मुंबईला संकलनाच्या खोलीत वंदना माझ्याबरोबर होती. मूळची नागपूरची, कामाला चोख. तिने आवाज इतका खाली नेला, की चाचा विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू यायला लागले. मग ते वाक्य आलं. तिने ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. काय बोलला गं हा माणूस, म्हणाली. आणि नंतर लगेच विचारलं, "ह्या शब्दावरून कोणी ओळखणार तर नाही ना त्याला?"

तिने विचारलं होतं. नागपूरच्या, कधी होडीत पाऊल न टाकलेल्या बाईच्या जे डोक्यात आलं, ते माझ्या डोक्यात आलं नसेल का?

मी म्हटलं, "नाही गं, तिकडे सगळेच असं म्हणतात."

हे माझं पहिलं खोटं. ऑफिसातल्या लोकांना मी पुढे सांगितलं, की गडबड होती, प्रक्षेपणाची तारीख डोक्यावर होती, लक्षात आलं नाही. कधी कधी मीही त्यावर विश्वास ठेवते. पण खोटं आहे ते. मला तो शब्द ऐकू आला, तो कोणाचा हे कळलं, बंदरात काय होईल तेही कळलं. आणि तरी मला ते वाक्य हवं होतं. माझा एकतरी कार्यक्रम असा व्हावा, की तो लागल्यावर कोणी पानं घ्यायला उठू नये, असं मला फार वाटत होतं. एवढंच. वाक्य कापायला वंदनाला मिनिटसुद्धा लागलं नसतं.

जाहिरातीतही तेच वाक्य घेतलं. तीही माझीच सूचना. आठवडाभर बातम्यांच्या आधी ते लागत होतं. पडदाभर काळी पाठ, जाळ्यावरचे हात आणि विहिरीतला तो आवाज — पानी काय हसला नाय. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. बंदरातल्या चहाच्या टपरीवर ते पहिल्यांदा लागलं, तेव्हा म्हणे एक जण मोठ्याने म्हणाला, हा तर हसण्यांचा उस्मान.

पुढचं थोडक्यात सांगते. बर्फाच्या कारखान्यात चाचांचा नंबर येईनासा झाला. लिलावात त्यांच्या माशाला कोणी बोली लावेना, टोपली उन्हात तशीच. सकाळी गेले तर जाळं उभं फाडलेलं, सुरीने. कोणी अंगावर आलं नाही, कोणी शिवी दिली नाही. लोक नुसते त्यांच्याकडे बघायचे बंद झाले. त्या मोठ्या बोटींच्या मालकाचं नाव मी तेव्हा कार्यक्रमात घेतलं नव्हतं आणि आजही घेणार नाहीये. भित्री मी आधीपासूनच आहे, तुम्हाला आज कळतंय एवढंच.

त्या पावसाळ्यानंतर मी आईकडे आले होते. सकाळी अकराच्या सुमाराला चाचा आले. पायरीवरच बसले, आत येईनात. आईने पाणी दिलं, ते प्यायले. मग म्हणाले, "बाय, माझा नाव कोनी सांगितलान?"

रागाने नाही हो. खरंच विचारत होते. दुखतं कशाने ते डॉक्टरला विचारावं, तसं. आणि माझ्यासमोर तो प्रसंग अगदी स्वच्छ उभा राहिला, की आता मी सांगणार, चाचा, चूक माझी आहे, तुमचा शब्द ओळखला लोकांनी, मला माहीत होतं. आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा तो सगळा अभिमान. मी म्हटलं, आमच्याकडून नाव बाहेर जाणंच शक्य नाही. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला ते बघणं सहन होईना. मी म्हटलं, "घरातलंच कोणी बोललं असेल. तुमचा भाऊ त्याच मालकाच्या बोटीवर आहे ना?"

यासीन. चाचांचा धाकटा भाऊ. मोठ्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकुमाने चालायची. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, मध्ये एक विहीर. एक लहान होडीवर, एक दिव्यांच्या बोटीवर, आणि तरी संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसायचे. कोकणात अशी घरं कितीतरी आहेत. पोट एकीकडे नेतं, रक्त दुसरीकडे. मी यासीनशी आयुष्यात दोन-तीनदा बोलले असेन. त्याने माझं काहीही वाकडं केलं नव्हतं. मला त्या क्षणी कोणाचं तरी नाव हवं होतं आणि त्याचं सापडलं.

 चाचा पेला पालथा घालून उठले.

तुम्ही म्हणाल, तोंडातून निघून गेलं. मीही म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ते परत आले. भावाशी भांडण झालं होतं, डोळे तांबारलेले होते. या वेळी आई घरात नव्हती, देवळात गेली होती. आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "यासीन म्हनतो, तू पानी हसला बोललास, तवाच सगल्यांनी वलकलानी. असा कोन वलकतो काय गो?"

बघा. यासीनने खरं सांगितलं होतं. अगदी बरोबर, शब्दाला शब्द. आणि चाचा ते खरं-खोटं करायला जगात एकाच माणसाकडे आले होते — जिला टीव्हीतलं कळतं, जी मास्तरांची मुलगी आहे, जिला खोटं बोलायचं काही कारण नाही. मी हो म्हटलं असतं तर? भाऊ परत मिळाला असता. माझी अब्रू गेली असती, बाकी काय? माझ्या अब्रूची किंमत किती, हे मी त्या सकाळी ठरवलं.

मी हसले. लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं, तशी हसले. आणि म्हटलं, "छे हो चाचा. तिकडे सगळेच असं म्हणतात."

तिकडे म्हटलं मी. इकडे बसून. त्यांच्याच गावात, त्यांच्याच तोंडावर. मुंबईत वंदनाला सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं बाहेर आलं, एक अक्षर बदललं नाही. चाचांच्या ते ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, "ताच म्हंटो मी."

अंगणात भिंत घातली गेली. जांभ्याचीच, छातीपर्यंत. विहीर चाचांच्या बाजूला गेली. यासीनच्या मुलीचं लग्न पालीच्या बाजूला झालं, चाचा गेले नाहीत. मग यासीन बोट सोडून आखातात गेला, कुठल्यातरी अरबाच्या मासेमारीच्या बोटीवर. मला वाटलं, जास्त पैसा मिळत असेल. वाटून घेतलं म्हणा.

त्याचं खरं कारण मला खूप उशिरा कळलं. मी मुदतीआधी निवृत्ती घेऊन रत्नागिरीला परत आले, इथे फ्लॅट घेतला. एकदा मासळीबाजारात यासीनची बायको भेटली. ती जुनी ओळख समजून बोलत राहिली. जाहिरात लागली त्याच आठवड्यात मालकाने यासीनला बोलावून विचारलं होतं, हा तुझा भाऊ का? यासीनने शपथेवर सांगितलं, तो आवाज माझ्या भावाचा नव्हे. सगळं बंदर ओळखत असताना तो एकटा नाही म्हणाला. मालकाने तेव्हा ऐकून घेतलं आणि पुढे हळूहळू त्याला बोटीवरून काढलं. खोटं बोलणाऱ्याच्या हातात बोट कशी द्यायची, असं म्हणे कारण दिलं. यासीनने हे भावाला कधी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, म्हणायचा, त्याला ता टीव्हीवाल्या बाईचाच खरा वाटतो. हे ती मला सांगत होती. ती मला फक्त मास्तरांची मुलगी म्हणून ओळखत होती; टीव्हीवाली बाई ती मीच, हे तिला माहीत नव्हतं. मी पापलेटचा भाव विचारून बाजूला झाले.

म्हणजे त्या सगळ्या प्रकरणात चाचांसाठी खोटं बोललेला एक माणूस होता आणि स्वतःसाठी खोटं बोललेली एक बाई होती. चाचांनी बाईवर विश्वास ठेवला.

यासीन ईदला फोन करायचा. चाचा उचलायचे नाहीत. गेल्या थंडीत तो तिकडेच गेला. बोटीवरच, झोपेत म्हणतात. तिकडेच दफन केलं. चाचांना भावाला माती द्यायलाही मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी ते गेले असते का, मला माहीत नाही.

आता होडी विकून चाचा दुसऱ्यांची जाळी शिवतात. ज्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यांचीच. आणि दर पंधरा-वीस दिवसांनी माझ्याकडे मासे घेऊन येतात. जाळं शिवून दिलं की लोक त्यांना चार बांगडे देतात, त्यातले ते मला आणून देतात. तीन जिने चढून. मी नको म्हटलं तर रागावतात. सुरुवातीला मी विचारलं होतं, माझ्यासाठी कशाला चाचा? तर म्हणाले, "सगल्यांनी तोंड फिरवलानी. भावान पन. तूच एक खरा बोललीस." मी ते मासे घेते. कितीतरी वर्षं खाते आहे.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या विभागातून एका मुलाचा फोन आला. मासेमारीच्या भविष्यावर नवी मालिका करतायत, पाहुणी म्हणून याल का? तुमचं ते पाणी हसण्याचं वाक्य आम्हाला शिकवतात मॅडम, त्यानेच सुरुवात करणार आहोत. मी गेले. नवी साडी नेसून गेले. भविष्यावर दहा मिनिटं बोलले आणि छान बोलले, सगळे म्हणाले. तो भाग परवा लागला.

काल चाचा आले. पिशवीत चार बांगडे. खुर्चीवर बसले, पाय दुखतात म्हणून जरा चोळले. परवा बघितला टीव्ही, म्हणाले.  मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ता ऐकताना मला यासीन आठवला. इतकी वर्सा झाली, मी कोनाच्या तोंडून तसा ऐकला नाय, पानी हसला म्हनून. एकाच्या पन नाय." मग माझ्याकडे वळले. "यासीन बोलला होता ता खरा असल काय गो?"

तिसऱ्यांदा विचारत होते. भाऊ नाही, आई नाही, नोकरी नाही, साहेब नाहीत, नवराही घरात नाही. घाबरायला कोणीच उरलेलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सुरुवातीला म्हटलं ना, एका वाक्यात मावणारी गोष्ट आहे — यासीन खरं बोलला होता.

मी म्हटलं, "चहा टाकू का चाचा?"

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग नको म्हणाले, पिशवी रिकामी करून घडी घातली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वरून बघत होते. मग दार लावून मी बांगडे साफ केले. दोन तळले, दोन फ्रीजमध्ये ठेवले.